उतरवणाऱ्याच्या हाताने

वादी कबीर, मस्कत
६ जानेवारी २०२५

तात्या,

लांबूनच पाया पडतो. तुमचं कानाचं मशीन पुन्हा कपाटात गेल्याचं रेवावहिनी म्हणाली, म्हणजे फोन करून उपयोग नाही. म्हणून कागदावर लिहितो आणि त्याचा फोटो तिच्या मोबाइलवर पाठवतो. ती अक्षर मोठं करून दाखवील. चौथीच्या वर्गात माझ्या अक्षराला जे म्हणायचात ते आता म्हणू नका. दिवसभर एसीच्या जाळ्या धुऊन बोटं ताठलेली असतात.

बातमी अशी की माझ्या नेहमीच्या कामात थोडा बदल झालाय. बौशरच्या ज्या मॉलमध्ये मी मेंटेनन्सला आहे, तिथल्या मुलांच्या खेळघरात या महिन्याच्या अखेरीपासून दर शुक्रवारी-शनिवारी एक जपानी राक्षस नाचणार आहे. होरुगा त्याचं नाव. समुद्रातून येतो आणि शहरं तुडवतो. त्याचे म्हणे जपानमध्ये कितीतरी सिनेमे झाले. आणि त्या सगळ्या सिनेमांत राक्षसाच्या आत जो माणूस होता, तोच इथे आलाय! इनाबे त्यांचं आडनाव. वय अठ्ठ्याहत्तर. अंगाने आपल्या खालच्या आळीतल्या भिकूदादाएवढे असतील, पण चालायला लागले की रस्ता त्यांच्यासाठी जागा करतो.

होरुगाचा अंगरखा रबराचा आहे. मानेत एक छोटा पंखा बसवलाय, तो बिघडला म्हणून मला बोलावलं. पाठीला लांब चेन असते, त्यामुळे एकट्याला तो घालता येत नाही. मी चेन ओढताना सहज म्हणालो की गावाला शिमग्यात मीही काळा मुखवटा घालून संकासूर व्हायचो. दुभाषी म्हणून प्रियांका नावाची पुण्याची मुलगी आहे, तिने ते जपानीत सांगितलं. तेव्हापासून इनाबे सान मला सोडत नाहीत. सान म्हणजे आपलं राव. आमचे मॅनेजर झैन साहेब म्हणाले, "खलास, एकनाथ, आजसे तुम इनका आदमी."

त्यांची हकिकत ऐका. बाप कोळी. हे स्टुडिओत गेले ते घोड्यावरून पडायच्या कामाला. एकदा कोणीतरी विचारलं, जड ओझं घेऊन चालता कोणाला येतं? यांनी हात वर केला आणि आयुष्यभर आतच राहिले. होरुगाची चाल त्यांनी आईकडून घेतली. आई ओल्या वाळूतून समुद्री गवताच्या टोपल्या ओढायची. पाय उचलायची नाही, घासत पुढे न्यायची. आपण कसलं काम करतो हे त्यांनी आईला सांगितलंच नव्हतं, लाज वाटायची. तिने सिनेमा पाहिला आणि घरी येऊन एवढंच म्हणाली, "त्या जनावराचे गुडघे माझ्यासारखे दुखतात." ओळखलं होतं का, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

पडद्यावर त्यांचं नाव कधी आलं नाही, तात्या. त्यांचा मुलगा शाळेत सांगायचा की बाबा बँकेत आहेत.

आता त्यांचं एकच मागणं आहे. इथे मुलांसमोर एकदा होरुगा व्हायचं आणि शेवटी डोकं उतरवून, उघड्या चेहऱ्याने नमस्कार करायचा. आजवर लोकांसमोर त्यांनी डोकं कधी उतरवलेलं नाही.

मला तुमची आठवण आली.

एकनाथ


आंबेकोंड, ता. गुहागर
१२ जानेवारी २०२५

एकनाथ,

आशीर्वाद आहेतच, ते काही आटत नाहीत. मशीन कपाटात नाही, उशीखाली आहे. त्यातून मला फक्त कोंबड्या ऐकू येतात, आणि त्या मला बिनमशीनच्याही ऐकू येतात.

तुझ्या जपान्याची गोष्ट मी रेवाला दोनदा वाचायला लावली. तिसऱ्यांदा ती मोबाइल माझ्या हातात देऊन भांडी घासायला गेली. आईची चाल घेतली, ही गोष्ट मला फार आवडली. मी संकासूर झालो तेव्हा चाल आणली ती आपल्या काळ्या रेड्याकडून. तुझ्या आजीला मात्र वाटायचं की मी तुझ्या आजोबांची नक्कल करतो, आणि ती मनातल्या मनात खूश व्हायची.

आता काम सांगतो. त्यांना विचार की त्यांनी डोकं कोणाला दिलं. आपल्या वाडीची रीत त्यांना समजावून सांग. काळा मुखवटा उतरवणाऱ्याच्या हाताने चढतो. आपल्या हाताने उचलून डोक्यात घालायचा नाही, मग कितीही हौस असो. पालखी बसते त्या सहाणेवर मी सगळ्या वाडीसमोर उतरवला आणि तुझ्या डोक्यावर चढवला, तेव्हा तुझा चुलता असूनही आधी तुझ्या पाया पडलो होतो. आठवतं ना? तू गल्फला गेलास. तुला शिमग्यात सुट्टी मिळत नाही. मुखवटा देवळात खुंटीवर आहे आणि आम्ही दर वर्षी खालच्या वाडीचा संकासूर उसना आणतो. ते लोक उपकार केल्यासारखे नाचतात.

तुझ्या इनाबेरावांनी डोकं उतरवलं की कसं उतरवलं, लोक काय म्हणाले, सगळं लिही. माझ्या वयाचा माणूस आहे. त्यांचं काम नीट पार पाड. चेन हळू ओढ.

चंद्रशेखरतात्या


वादी कबीर
२ फेब्रुवारी २०२५

तात्या,

झालं एकदाचं! परवा शुक्रवारी संध्याकाळी पहिला खेळ झाला आणि काल दुसरा. दोन्ही खेळांना पाय ठेवायला जागा नव्हती.

दिवे मंद केले, धूर सोडला आणि माइकवर मुलीने नाव पुकारलं, "फ्रॉम जपान, मिस्टर इनाबे!" मग होरुगा निघाला. पहिल्या रांगेत पोरं मांड्या घालून बसली होती. एकीच्या बुटांच्या टाचांत लाल दिवे लुकलुकत होते. एका पोराने घाबरून पाय ओढून घेतले, त्याचा डावा मोजा निसटून फरशीवर राहिला. फरशीवर पिवळा पट्टा मारलाय, तो आला की वळायचं. रबराचा वास येतो, घाम डोळ्यात उतरतो, पण पोरांचं ओरडणं आत आलं की काही वाटत नाही. कोणाच्या तरी पैंजणांचा आवाज अगदी जवळून गेला.

शेवटी त्यांनी डोकं उतरवलं. पांढरे केस घामाने चिकटलेले. त्यांनी कमरेतून वाकून नमस्कार केला. सगळे उभे राहिले. बायकांच्या डोळ्यात पाणी आलं.

तुमचा प्रश्न विचारला. त्यांनी डोकं कोणालाच दिलेलं नाही.

बाकी ठीक. काम फार आहे.

एकनाथ


आंबेकोंड
५ फेब्रुवारी २०२५

एकनाथ,

तुझं पत्र परवा आलं. मी ते सहाणेवर नेलं आणि बसलेल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला ऐकू आल्या नाहीत, पण हात दिसले. मग मला चैन पडेना. आपला रशीद सुट्टी संपवून कालच्या विमानाने मस्कतला परत निघणार होता. मी स्वतः दाभोळला त्याच्या घरी गेलो आणि माझा कमरेचा घुंगरांचा पट्टा त्याच्या सामानात ठेवायला दिला. तुझ्यासाठी ठेवलेला, तोच. म्हटलं, एका उतरवलेल्याने दुसऱ्या उतरवलेल्याला द्यावा. रशीदच्या बायकोने, खुदेजाने, तो जुन्या ओढणीत गुंडाळला, वाजू नये म्हणून. "चाचा, विमानात पोलिसाने विचारलं तर रशीद काय सांगणार?" ती म्हणाली. मी म्हटलं, सांग म्हणावं, राक्षसाचं सामान आहे.

हे सगळं करून काल रात्री जेवून बसलो आणि पत्र तिसऱ्यांदा वाचलं.

मुखवट्याआडून चालणाऱ्याला माणसांचे चेहरे दिसत नाहीत, एकनाथ. पाय दिसतात. मी इतके शिमगे वाडीतल्या बायकांना जोडव्यांवरून ओळखलं. तू मला बूट लिहिलेस, मोजा लिहिलास, पिवळा पट्टा लिहिलास. रबराचा वास लिहिलास. बाहेर उभं राहून चेन ओढणाऱ्याला पोरांची तोंडं दिसली असती, आणि घाम दुसऱ्याच्या डोळ्यात उतरला असता. आणि जिथे डोकं उतरवलं असं लिहिलंस, तिथे मात्र पांढरे केस आणि बायकांच्या डोळ्यातलं पाणी. ते आतून दिसत नाही आणि बाहेरूनही असं दिसत नाही. ते सिनेमातलं आहे.

आत तू होतास.

मी चुकत असेन तर मला म्हातारा म्हणून सोडून दे. चुकत नसेन तर माझा पट्टा ज्याच्या नावाने निघालाय त्याला तू तो कसा देणार आहेस, ते मला कळव.

चंद्रशेखरतात्या


वादी कबीर
१३ फेब्रुवारी २०२५

तात्या,

तुमचं पत्र वाचून आठवडा झाला. रोज लिहायला बसलो आणि रोज उठलो. रशीद आल्याच दिवशी पट्टा देऊन गेला. माझ्या कॉटखाली ती ओढणी तशीच आहे. खोलीतली बाकीची मुलं विचारतात, एकनाथ, गावावरून खायला काय आलं? मी सांगतो, काही नाही.

आत मी होतो.

झालं ते असं. खेळाच्या आदल्या दिवशी डॉक्टर आला. म्हणाला, या वयात रबराच्या आत अर्धा तास म्हणजे मरण आहे. झैन साहेब घाबरले. पण पाट्या लागल्या होत्या, तिकिटं गेली होती. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "एकनाथ, यल्ला, तुम पहनो. अंदर कौन है, किसको दिखता है?" खेळाच्या सकाळी इनाबे सानना सांगितलं की वीज बिघडलीय, खेळ पुढे ढकललाय, आज तुम्ही निजव्याचा किल्ला बघून या. प्रियांकाने ते जपानीत सांगितलं. तिला खरं माहीत होतं. सांगताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

तुम्हाला वाटेल, नोकरीसाठी केलं. मीही स्वतःला तेच सांगितलं. पण तसं नाही, तात्या. मी नाही म्हणालो असतो तर झैन साहेबांनी दुसरा कोणी शोधला असता, मला काढलं नसतं. मला आत जायचं होतं. कितीतरी वर्षं मी दुसऱ्यांची हवा थंड करतोय, आणि मला कोणी बघितलं नव्हतं. साहेबांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी शर्टाची बटणं काढत होतो. याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

आणि पुढचं ऐका. इनाबे सानना वळणाच्या रस्त्यावर मळमळायला लागलं, म्हणून गाडी अर्ध्यातून परत फिरली. ते मॉलमध्ये आले तेव्हा खेळ चालू होता. प्रियांका सांगते, ते सगळ्यात मागे उभे होते. कोणीतरी त्यांच्या हातात आंब्याच्या रसाचा ग्लास दिला होता. ते पूर्ण खेळ बघत राहिले. त्यांची चाल माझ्या पायांवर.

डोकं कोणी उतरवलंच नाही. कसं उतरवणार? आत मी. लोकांनी मोबाइल हलवले आणि मी धुरात परत गेलो.

पडद्यामागे गेलो तर ते तिथे उभे. पाठीमागून चेन उघडली. होरुगाचं डोकं माझ्या मानेवरून हळू काढलं. मग टॉवेल घेतला आणि माझी मान पुसली. तात्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस माझी मान पुसत होता आणि मी खाली बघत होतो. त्यांच्या बुटांवर निजव्याच्या रस्त्याची धूळ होती. ते प्रियांकाला काहीतरी म्हणाले. तिने सांगितलं, "ते म्हणतात, डावा पाय तू उचललास. आई उचलायची नाही."

त्यानंतर सगळे खेळ मीच केले. साहेबांनी त्यांना नीट सांगितलं की तुमच्या तब्येतीसाठीच हे केलं. ते हो म्हणाले. दर खेळाला ते स्वतः येऊन माझी चेन ओढतात. माइकवर दर वेळी त्यांचंच नाव पुकारतात. मी आत असतो, ते पडद्यामागे असतात, आणि बाहेर टाळ्या वाजतात. मला कधी कधी वाटतं, त्यांच्या हाताने चढलं म्हणजे रीत पाळली गेली. मग त्यांचे हात आठवतात आणि तसं वाटेनासं होतं.

तुम्हाला खोटं लिहिलं, कारण तुम्हाला जे व्हायला हवं होतं ते मी घडू दिलं नाही.

पट्ट्याचं काय करू? रशीद म्हणतो, तू देत नसशील तर मी देतो. ते बावीसला परत निघतायत.

एकनाथ


आंबेकोंड
१५ फेब्रुवारी २०२५

एकनाथ,

चेन ओढणं म्हणजे चढवणं नव्हे. ते मनातून काढून टाक.

मला राग आला आहे आणि तो मी झाकणार नाही. तू कोणा साहेबाला फसवलं असतंस तर मी हसून सोडून दिलं असतं. तू आतल्या माणसाला फसवलंस. बाहेरचे लोक आतल्याला फसवतात, ते जगाचं चालूच असतं. आतल्याने आतल्याला फसवायचं नाही, एवढी एकच गोष्ट मी तुला सहाणेवर कानात सांगितली होती.

विचारतोस म्हणून सांगतो. पट्टा तूच द्यायचा. रशीदने नाही आणि टपालानेही नाही. देताना तुझ्या तोंडाने सांगायचं की मी आत होतो आणि मला आत जायचं होतं. त्या पोरीला सांग की जसं आहे तसं जपानीत सांग, गोड करू नको. त्यांनी माफ करावं म्हणून सांगू नकोस. माफी मागशील तर त्यांना द्यावी लागेल. पाहुण्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

त्यांनी पट्टा घेतला नाही तर तो समुद्रात टाक. परत आणू नकोस.

तात्या


वादी कबीर
२३ फेब्रुवारी २०२५

तात्या,

ते काल गेले. सगळं लिहितो, काही बनवून लिहीत नाही.

प्रियांका अल हैलला राहते, समुद्राच्या जवळ. गुरुवारी तिने इनाबे सानना दुपारी जेवायला बोलावलं आणि मलाही. ती म्हणाली, "एकनाथदादा, मलाही सांगायचंय. मी एकटी असले की धीर होत नाही." तिने वरण-भात आणि तळलेली सुरमई केली होती. इनाबे सानांनी भात हाताने खाऊन बघितला आणि सगळा टेबलावर सांडला. ते हसले. आम्ही हसलो नाही.

जेवणानंतर मी ओढणी त्यांच्यासमोर ठेवली आणि खाली बसलो. तुम्ही सांगितलंत तसंच म्हणालो. साहेबांनी सांगितलं हे खरं, पण मला आत जायचं होतं. माफीचा शब्द काढला नाही. प्रियांका सांगताना मध्येच थांबली, मग तिने स्वतःचंही सांगितलं. ते तिने मराठीत मला सांगितलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

त्यांनी पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला. मग बोलले. प्रियांकाने जसं सांगितलं तसं लिहितो.

"इतकी वर्षं मी आत होतो. सिनेमा संपला की पडद्यावर नावं यायची. हिरोचं, हिरोइनचं, घोडे सांभाळणाऱ्याचंसुद्धा. माझं येत नसे. त्या संध्याकाळी पहिल्यांदा कोणीतरी लोकांसमोर माझं नाव मोठ्याने घेतलं. आणि मी मागे, रसाचा ग्लास हातात घेऊन उभा होतो. माझ्या शेजारच्या बाईने टाळ्या वाजवायला हात मोकळे असावेत म्हणून तिची पिशवी मला धरायला दिली. मी ती धरली."

बस, एवढंच. ठीक आहे असं म्हणाले नाहीत. विसर असंही म्हणाले नाहीत.

मग त्यांनी ओढणी सोडली. घुंगरं पाहिली, एक-एक बोटाने हलवून पाहिलं. कोणाची, म्हणून विचारलं. मी सांगितलं, माझ्या चुलत्यांची. ते तुमच्यासारखे आत असायचे आणि त्यांनी सगळ्यांसमोर उतरवलं. तुम्हीही उतरवलंत असं समजून त्यांनी पाठवलीत. त्यांनी पट्टा शर्टावरून कमरेला बांधला आणि दाराकडे चालू लागले.

आम्ही मागे मागे गेलो. ओहोटी होती. लांबवर एका पिकअपने होडी बाहेर ओढायचं काम चाललं होतं. इनाबे सानांनी पायातले बूट काढून प्रियांकाच्या हातात दिले. पाण्याजवळच्या ओल्या वाळूत उतरले. मग चालले.

तात्या, मला चाल येते असं वाटत होतं. मला येत नाही. त्यांनी पाय उचललाच नाही. वाळू पायांखालून मागे जात होती आणि तो माणूस पुढे येत होता. खांद्यावर काही नसताना ओझं दिसत होतं. घुंगरं एकदम वाजत नव्हती, पाऊल पूर्ण झाल्यावर वाजत होती. तुमची वाजायची तशी. मी लहानपणी पडवीत झोपलेला असायचो आणि तुम्ही शिमग्याच्या मांडावरून नाचून यायचात, तो आवाज.

थोडं पुढे जाऊन ते थांबले. कपाळाला दोन्ही हात लावले आणि जड काहीतरी वर उचलून काढतात तसे हात वर नेले. मग ते खाली वाळूवर ठेवल्यासारखं केलं. समुद्राकडे तोंड करून कमरेतून वाकले. वारा होता, पांढरे केस उडत होते. मी तुम्हाला जे खोटं लिहिलं होतं ते तिथे समोर घडत होतं, आणि बघायला दोघंच होतो. होडीवाल्यांपैकी एकाने मान वळवून बघितलं आणि पुन्हा दोर ओढायला लागला.

मला टाळी वाजवायची होती. हात उचलले आणि लाज वाटली. त्यांच्या नावाच्या टाळ्या महिनाभर मी घेतल्या होत्या, आता ही एक देऊन काय होणार होतं? हात तसेच राहिले. आता वाटतं, वाजवायला हवी होती. तेही चुकलंच.

ते परत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, पट्टा सोडून मला देतील. खोटं कशाला बोलू, मला आशा होती. त्यांनी पट्टा सोडला, ओढणीत नीट गुंडाळला आणि स्वतःच्या पिशवीत ठेवला. मग तुमच्यासाठी निरोप दिला. "तुमच्या चुलत्यांना सांग, मिळालं. मी उतरवलं."

शुक्रवारी शेवटचा खेळ होता. मी झैन साहेबांना सांगितलं, माइकवर खरं सांगा, नाहीतर मी घालत नाही. ते म्हणाले, "एकनाथ, एक आखरी शो के लिए तमाशा मत करो." मी घातला नाही. त्यांनी साफसफाईतल्या एका पोराला आत घातलं. तो पिवळ्या पट्ट्यावर अडखळला. नाव इनाबे सानांचंच पुकारलं आणि लोक हसले. म्हणजे मी नकार देऊन त्यांच्या नावावर हसूच आणलं. मी परत जाळ्या धुतोय.

एक मागणं आहे. देवळातल्या खुंटीवरचा मुखवटा काढून दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर चढवा. माझ्या नावावर तो राहू नये. शिमगा जवळ आलाय, यंदाच करा. मला तिथे येऊन तोंड दाखवायला लावू नका.

एकनाथ


आंबेकोंड
१८ मार्च २०२५

एकनाथ,

पालखी काल देवळात परत गेली. हात मोकळा झाला म्हणून आज लिहितो. मुद्दाम उशीर केला असं नाही. थोडा केला.

तुझा निरोप मिळाला. 'मी उतरवलं' हे रेवाकडून चार वेळा वाचून घेतलं. त्या माणसाची आणि माझी या जन्मी भेट होणार नाही, पण माझी घुंगरं त्याच्या घरी कुठेतरी खुंटीवर आहेत, हे मला पुरतं.

आता तुझं दुसरं काम. होळीच्या दुसऱ्या दिवशी वाडी सहाणेवर जमली तेव्हा मी उभा राहिलो. म्हटलं, गेल्या वेळी एकनाथचं एक पत्र मी तुम्हाला वाचून दाखवलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. ते पत्र खोटं होतं. आता खरं ऐका. आणि तुझं तेवीस तारखेचं पत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. मोबाइलवरचं अक्षर सारखं सरकत होतं, रेवाने धरून ठेवलं. वाचून झाल्यावर मी लोकांच्या हातांकडे बघितलं. सगळ्यांचे हात मांडीवर होते. माझीही मान खाली गेली, कारण पहिलं पत्र खरं मानून मिरवलं ते मी.

तुझ्या परवानगीशिवाय वाचलं. तुला तोंड लपवायला जागा राहू नये म्हणूनच वाचलं.

मुखवटा दुसऱ्याला चढवा म्हणतोस. मी कसा चढवू? तो माझ्या डोक्यावर नाही. मी उतरवून कधीच तुला दिला. तो तुझ्या डोक्यावर आहे, खुंटीवर असला तरी. उतरवणाऱ्याच्या हाताने चढतो, ही रीत तुला नको झाली म्हणून बदलत नाही. तुला नकोसा झाला असेल तर तूच यायचंस, सगळ्या वाडीसमोर तो तुझ्या हाताने उतरवायचास आणि ज्याच्या डोक्यावर ठेवायचा त्याच्या आधी पाया पडायचंस. त्या वेळी तुझा चेहरा सगळ्यांना दिसेल. मला माहीत आहे, तुला तेच नको आहे.

यंदा खालच्या वाडीचा संकासूर आणला नाही. मीच नको म्हटलं. पोरं विचारत होती, संकासूर कुठे आहे? मी त्यांना सांगितलं, मस्कतला आहे, जाळ्या धुतोय, पुढच्या शिमग्याला येईल.

सुट्टीचा अर्ज आत्ताच दे. आणि येताना माझ्यासाठी कानाच्या मशीनचे सेल आण, इथले दोन दिवसांत मरतात. तू सहाणेवर जे बोलशील ते मला ऐकायचं आहे.

चंद्रशेखरतात्या